काकूंच्या पेशी

"पेशीच खराब असणार," असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी चारचौघांत म्हटलं आणि काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बावीस वर्षं त्या या प्रयोगशाळेत पेशी वाढवत होत्या. रविवारीसुद्धा येऊन त्यांचं खाणंपिणं बघायच्या. नवरा म्हणायचा, "मला एकदा तरी इतक्या वेळेवर जेवण वाढ गं." आणि आता सोमवारपासून पेशी बाहेरून विकत आणायच्या, असं सरांनी ठरवलं होतं. म्हणजे बावीस वर्षांच्या कामावर बोळाच फिरवला की!

झालं होतं असं. शरीरात शिरलेले जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशी असतात; काकू वाढवत होत्या त्या याच. त्यांच्या अंगावर रिसेप्टर नावाच्या जागा असतात. ठरावीक प्रथिन तिथे येऊन बसलं की पेशी कामाला लागते. प्रयोगशाळेतल्या संशोधक मुलीनं तीन वर्षं खपून असं एक प्रथिन बनवलं होतं आणि त्याला हिरवा चमकणारा रंग जोडला होता. प्रथिन बसलं, तर यंत्रात पेशी हिरवी दिसणार. अकरा वेळा प्रयोग झाला. पेशी आपल्या कोऱ्या त्या कोऱ्याच.

"चौथ्या खेपेला थोडं हिरवं दिसलं होतं ना गं?" काकूंनी मुलीला विचारलं.

"हो, पण ती यंत्राची चूक, असं सर म्हणाले."

काकूंनी आपली नोंदवही उघडली. चौथ्या खेपेच्या दिवशी ट्रिप्सिन संपलं होतं. पेशी वाढवायच्या बशीच्या तळाला घट्ट धरून बसलेल्या पेशी सोडवायला काकू ते रोज ओतायच्या. त्या एका दिवशी मात्र काकूंनी पेशी हातानं खरवडून काढल्या होत्या.

"हे ट्रिप्सिन नेमकं करतं काय?"

"प्रथिनं कापतं. पेशी ज्या प्रथिनांनी बशीला धरून असतात, ती..." मुलगी बोलता बोलता थांबली. "काकू! रिसेप्टरसुद्धा प्रथिनच असतं!"

"मग! दाराची कडी आपणच उपटायची, आणि पाहुणा कडी वाजवत नाही म्हणून रुसून बसायचं!"

सवय लागली की शहाण्यांचीही अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

शनिवारी सकाळी काकूंनी बशी बर्फावर ठेवली, थंडगार मिठाचं पाणी घातलं आणि रबरी खरवडणी हातात घेतली. जोर जास्त झाला तर पेशी फुटणार. झोपलेल्या बाळाच्या अंगाखालून दुपटं काढावं, तसा त्यांचा हात फिरला. मुलीनं प्रथिन घातलं, अर्धा तास थांबून पेशी धुतल्या आणि यंत्रात सोडल्या.

पडद्यावर हिरवंगार! मुलगी किंचाळलीच.

सर हाताची घडी घालून मागे उभे होते. "रंग नुसताच चिकटला असेल. तो कशालाही चिकटतो."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर काकूंना जास्त झोंबलं. पण मुलगीही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दुसऱ्या नळीतल्या पेशींवर तिनं आधी बिनरंगाचं तेच प्रथिन भरपूर घालून मगच हिरवं घातलं होतं. रिसेप्टर असले तर ते सगळे भरून जाणार आणि मागून आलेल्या हिरव्याला बसायला जागाच उरणार नाही. रंग नुसता चिकटत असेल, तर पेशी हिरवी ती हिरवीच राहणार.

यंत्र सुरू झालं. काकू पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या.

हिरवं गायब. दुसऱ्या नळीतली एकूण एक पेशी कोरी.

प्रथिन बसत होतं! आपल्या जागी, बरोब्बर बसत होतं, आणि तेही काकूंच्या पेशींवर. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी मुलीला गच्च मिठी मारली, हातमोज्यांसकट.

सरांनी दोन्ही आलेख तीनदा पाहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "काकू, चुकलं माझं. सोमवारी बाहेरून काही यायचं नाही."

"माझी कशाला माफी मागता? इन्क्युबेटरमध्ये उबेला बसल्यात ना, त्यांची मागा."

सगळे हसले. पण सर खरोखरच गेले, इन्क्युबेटरचं दार उघडून वाकले आणि रांगेतल्या बशांना म्हणाले, "माफ करा, बायांनो."

"अहो, दार लावा आधी!" काकू ओरडल्या. "गारठतील त्या!"

आणि सरांनी निमूटपणे दार लावलं.