रेघ सरळ आली तेव्हा मी हातात होतो

"भाजी चिरताना हात कसा झरझर चालतो! ब्रश धरला की बरोब्बर दुखणं आठवतं."

सासूबाई हे सासऱ्यांच्या कानाशी बोलल्या होत्या. दाराआडून सूनबाईंनी ऐकलं आणि फडताळातल्या खोक्यातून मी. मी एक हातमोजा. पातळ, रबरी, केसांच्या डाईबरोबर फुकट आलेला. कारखान्यात वाटलं होतं, ऑपरेशनला जाईन. नशिबी आलं सासूबाईंचं डोकं!

हे घर पाट्या रंगवणाऱ्यांचं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर. सूनबाई लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली अक्षरं रंगवत आलेल्या. ते वळण पाहूनच सासऱ्यांनी सोयरीक जुळवली. आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत ब्रश धरला की तर्जनी आत वळायला लागली, मनगट मुडपायला लागलं. सुई, चमचा, कंगवा सगळं ठीक. फक्त ब्रश नाही.

डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं, हात धडधाकट आहे. एकच बारीक काम वर्षानुवर्षं केलं की कधीकधी मेंदूकडून बोटांना जाणारे हुकूम एकमेकांत मिसळतात. पण नव्या सुनेनं हे घरात सांगायचं कसं? "माझ्या मेंदूत गोंधळ आहे" म्हणून? माणसं प्लास्टर दिसलं की हळहळतात, काही दिसलं नाही की हसतात. सूनबाई "हात दुखतो" एवढंच सांगत राहिल्या. सासऱ्यांनी ठरवून टाकलं, हाती घेतलेली बेकरीची पाटी जमली नाही तर बाहेरचा पेंटर ठेवायचा आणि सूनबाईंनी आतलं बघायचं.

कशीबशी शेवटच्या अक्षरापर्यंत आलेली ती पाटी न्यायच्या दिवशीच सासूबाईंच्या डाईचा मुहूर्त निघाला. मी सूनबाईंच्या उजव्या हातावर चढलो, माझा जुळा भाऊ डाव्यावर. अर्धं डोकं काळं झालं, तोच दुकानातून सासऱ्यांची हाक आली, "सूनबाई, बेकरीवाले आलेत! ते शेवटचं अक्षर?"

त्या तशाच धावल्या. मला काढायचं राहूनच गेलं. ब्रश उचलला. मी श्वास रोखला. मोज्याला श्वास कुठला, ते विचारू नका! तर्जनी सरळ! मनगट जागच्या जागी! रेघ वर गेली, वळली, अलगद खाली उतरली!

"अगं, माझं अर्धं डोकं!" सासूबाई टॉवेल सावरत आल्या आणि पाटीपुढे थबकल्या.

सूनबाईंनी मला ओढून काढलं. पुन्हा ब्रश धरला. बोट वळलं. चढवलं. सरळ! पुन्हा काढलं. वाकडं! सासरे चष्मा पुसतच राहिले.

मी औषध नाही हो. नवा स्पर्श मिळाला, मेंदू जरा चकला, एवढंच. उद्या ही युक्ती चालेल, न चालेल. डॉक्टरांनी दिलेला सराव करायलाच हवा. सध्या अंगावर डाई, तिच्यावर लाल रंग, अंगठ्यापाशी चीर, असा मी ब्रशच्या डब्यावर ऐटीत वाळतोय. मला इतक्यात फेकू नका, एवढंच मागणं. कारण त्या दिवशी मी सूनबाईंचा आवाज पहिल्यांदा स्वच्छ ऐकला.

"आई, भाजी चिरायचा हुकूम वेगळा, ब्रशचा वेगळा. दुखणं आठवत नव्हतं मला, होतंच. बसा, उरलेलं डोकं काळं करता करता सगळं सांगते. आणि बाबा, ब्रश माझाच राहील."