एक पेला कमी

दिवसभर संत्र्याच्या झाडांची आळी करून प्रेमलतानं हात धुतले आणि मनुका उकळायला ठेवल्या. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन; येशूच्या आठवणीत सगळ्यांनी द्राक्षरस घ्यायचा. कन्हानकडच्या या गावात द्राक्षं कुठली, म्हणून मनुकांचा रस. आणि तो करायचा मान सासूमागं तिचा. माणशी एक इवलासा पेला.

"धोंडबाचाबी भर वं," नवरा म्हणाला.

"काहून? पाव्हना हाय का मोठा?"

"दारू सोडली त्यानं. माफी मागतली."

"मागाले काय लागते? तुमची माय अंथरुनात होती तवा कुठं होता तुमचा भाऊ? सारं म्या काढलं. अन् पाळकसाहेब त्याच्या गळ्यात पडून रडले. मायासाठी रडलं का कोनी कधी?"

"तुयासाठी रडाची पाळीच कुठं आली वं," नवरा हसून म्हणाला.

ते तिला जास्तच झोंबलं. सकाळी पेले भरताना एक तिनं चुलीपाशी पालथाच ठेवला. तबक पुढच्या बाकावरून, तिच्यापासून निघे. धोंडबा त्यांच्या घरी परत आल्यापासून चर्चमध्ये मागं, दारापाशी बसे. त्याच्यापर्यंत जाईस्तोवर पेले सरतील. कळू दे सगळ्यांना.

पण पाळकसाहेबांनी तबक उचललं आणि सरळ दाराकडे गेले. "आज इथून सुरू करू."

तबक फिरत फिरत पुढं आलं. तिच्यासमोर आलं तेव्हा रिकामं होतं.

सगळे पेले हातात धरून थांबलेले. रीतीप्रमाणे प्यायचं एकदमच. तिचे हात तेवढे मोकळे. पाळकसाहेब गोंधळले. "मोजण्यात चुकलं का, बाई?"

मागून धोंडबा उठून आला. आपला पेला त्यानं तिच्यापुढं धरला.

"वयनी, घ्या."

"तो तुमचाच हाय, भाऊजी," ती कशीबशी म्हणाली. "म्याच एक कमी भरला. तुमचा."

"मालूम हाय मले. पालथा पाह्यला म्या चुलीपाशी." त्यानं हात मागं घेतला नाही. "घ्या ना. दोघं मिळून घेऊ."

तिनं घोट घेतला आणि उरलेला त्याला दिला. रस तिनंच उकळलेला, नेहमीच्याच चवीचा. पण इतक्या वर्षांत, आपल्याला तो कोणीतरी दिला, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.