खरवडी

शेठनी तक्रार करून हातगाडीवाल्या बाईला कोपऱ्यावरून उठवलं, तेव्हा सगळा बाजार म्हणाला, बरं झालं! काल-परवा सीमेपलीकडून आलेली माणसं, आणि खरवडी विकायला बसतात? खरवडीची मिठाई म्हणजे गावाची शान, आणि अस्सल खरवडी मिळायची ती शेठच्याच दुकानात. पाटीवर तसं लिहिलंच होतं, 'याच मातीतली'.

पाटी साफ खोटी होती आणि शेठना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या आईचे वडीलच सीमेपलीकडून नेसत्या वस्त्रानिशी आले होते, चिमुरड्या लेकीला कडेवर घेऊन. कोणी दारात उभं करेना. दूधवाल्यांच्या कढईच्या तळाची खरवड लोक कुत्र्यांना घालत. ती मागून आणून आजोबांनी गुळात घोटली आणि वड्या थापल्या. आता बोला! पण शेठनी शाळेत असतानाच आईला बजावलं होतं, "चारचौघांत तुझी ती भाषा बोलू नकोस." आई बिचारी गप्प झाली ती झालीच.

आता ती अंथरुणाला खिळली होती आणि इथली भाषा पार विसरली होती. दिवसभर मुलाचा हात धरून, रडवेल्या आवाजात तिच्या भाषेतलं, शेठना न कळणारं एकच वाक्य. पाणी दिलं, नको. कूस बदलली, तरी तेच. शेठच्या जिवाची नुसती तगमग.

"त्या गाडीवालीला विचारा ना, ती तिकडचीच आहे," बायको म्हणाली.

"कोणत्या तोंडानं विचारू?"

"आहे त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार?"

शेठ गेले. गाडी गेल्यापासून बाई एका खाणावळीत भांडी घासत होती. ते बघून शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात जोडले, सगळं सांगितलं. बाई हात पुसून निघाली.

आईच्या उशाशी बसून ती दोन शब्द बोलली मात्र, आईचा चेहरा असा खुलला की शेठना बघवेना. इतक्या वर्षांत या घरात तिच्याशी तिच्या भाषेत कोणी बोललंच नव्हतं.

"काय म्हणतेय आई?"

बाई घुटमळली. "लहान झाल्यात त्या. मला आपली आई समजतात. विचारतात, इथले लोक आपल्याला राहू देतील ना? की इथूनही हाकलतील?"

आई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"काय सांगू, शेठ?"

शेठनी तोंड उघडलं, पण त्या बाईच्या देखत 'राहू देतील' म्हणायची त्यांची हिंमत होईना.