डोळा लागला की बारी गेली

तानुबाईनं बाभळीचा काटा मांडीखाली सरकवला, त्यावर भार दिला आणि करवंटी पुन्हा झिऱ्यात बुडवली. काटा रुतला, डोळे उघडले. चार करवंट्या होईपर्यंत बरं चाललं. मग काट्याचीही सवय झाली.

कोरड्या नदीत वाळू उकरून केलेला हा झिरा, हातभर रुंद. तळाशी पाणी पाझरायचं, तेही मेहेरबानी केल्यासारखं. एक घागर भरता भरता सकाळची दुपार व्हायची, आणि बारा घरांना हा एकच झिरा. गावची विहीर होळीलाच आटली होती. तहसीलदार घोड्यावरून आला, विहिरीत डोकावला, नागपूरला कागद पाठवतो म्हणाला आणि गेला. कागदाला काय तहान लागते!

बारा घरांनी मिळून नियम केला होता. रांगेत माणूस बसलेलं पाहिजे, नुसती घागर ठेवून चालायचं नाही. आणि झिऱ्याशी बसलेल्याचा डोळा लागला की त्याची बारी गेली; करवंटी मागच्याच्या हातात, झोपलेला रांगेच्या शेवटी. झोपलेल्या माणसाच्या पायानं वाळू ढासळून दोनदा झिरा बुजला होता, त्यामुळे नियमाबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

ज्या घरात चार माणसं ती आळीपाळीनं झोपत. तानुबाईचा नवरा पुंजाजी बैल घेऊन चाऱ्यासाठी सातपुड्याकडे गेलेला. लेक कोकिळा बाळंत होऊन बारा दिवस झालेले, अंगात ताप, आणि कालपासून दूध आटत चाललेलं. तान्हं आता रडतही नव्हतं, आणि तानुबाईला ते रडण्यापेक्षा वाईट वाटत होतं. ही घागर घरी गेलीच पाहिजे होती. दोन महिने ती बसल्या बसल्या डुलक्या काढत आली होती. गेल्या तीन दिवसांत तेवढंही जमलं नव्हतं.

आणि वर ही मंजुळाबाई. रांगेत बारी तिच्याच मागची, पण बसलेली समोरच्या दगडावर. सकाळपासून तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

"काऊन वं तानू, डुलून राह्यली? तुह्या माहेरच्या, अमडापूरच्या लोकाईले सवयच आहे म्हणा. तुह्या बापानं लग्नात अख्खं वऱ्हाड उपाशी झोपवलं होतं."

तानुबाईची मान झटक्यात वर आली.

"माह्या बापाचं नाव घेऊ नको, मंजुळे."

"घेईन. अन् तो पुंजाजी? बैलं येतील वापस, तो नाही यायचा. पाह्यजो तू."

तानुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रागात वीसेक करवंट्या कशा गेल्या ते तिला कळलंच नाही. मग पुन्हा मान कलली, की समोरून पुढचा फटका तयार. तिच्या भाकरी, तिचं नाक, तिची लेक, काही म्हणून सोडलं नाही मेलीनं. घरात आजारी बाळंतीण आहे, जरा तरी लाज! एकदा तर एक शब्द तानुबाईच्या अगदी ओठांवर आला. मंजुळाबाईच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. पण तो शब्द बाईनं बाईला बोलायचा नसतो. तानुबाईनं तो कोरड्या घशानं गिळून टाकला.

उन्हं कलली तेव्हा घागर भरली. तानुबाई उठली. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, घागर चढवली.

"घे, बस आता," ती म्हणाली. "अन् झडो तुही जीभ."

"झडंल, झडंल." मंजुळाबाई झिऱ्याशी सरकली. तिचा आवाज पार बसला होता.

तानुबाई दहा पावलं गेली असेल, तोच मागून इंद्रभान बोलला. मंजुळाबाईच्या मागची बारी त्याची. मोठा गोड माणूस. कधी कोणाला वेडंवाकडं बोलला नाही. त्याच्याही घरी तीन पोरं तहानलेली होती.

"वयनी, टेका जराशा. मिटा डोये. मी आहो ना बसलेलो."

लेकराला थोपटावं तसा आवाज.

तानुबाई जागच्या जागी थांबली. मंजुळाबाईला तानुबाईची बारी बळकावायचीच असती, तर तिला करायचं तरी काय होतं? नुसतं गप बसायचं होतं.

तिनं वळून पाहिलं. मंजुळाबाईची हनुवटी छातीला टेकायला आली होती. इंद्रभाननं आपली घागर पुढे ओढून घेतली होती.

पलीकडे तानुबाईचं घर दिसत होतं. दारात कोणी नव्हतं. देवा रे, म्हणत ती परत फिरली, घागर उतरवली, मांडीत धरली आणि मंजुळाबाईच्याच दगडावर बसली.

"काऊन वं मंजुळे! तुह्या हातची भाकर कुत्रं सुंगत नाही म्हणतात."

मंजुळाबाई नुसतं "हं" म्हणाली.

"तुही सासू बाजारात तूप चोरे! साऱ्या दुसरबीडले ठाऊक आहे!"

आता तेवढंही नाही.

"झोपू द्या ना, माय," इंद्रभान हळूच म्हणाला. "थकली बिचारी."

करवंटी मंजुळाबाईच्या हातातून वाळूत पडली. इंद्रभानचा हात पुढे झाला.

तानुबाईनं डोळे घट्ट मिटले आणि तो शब्द बोलली. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा बोलली.

"वांझोटे!"

इंद्रभानचा हात तिथंच राहिला.

मंजुळाबाईची मान वर आली. लाल डोळ्यांनी ती तानुबाईकडे पाहत राहिली. तानुबाईच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायला तिला घागरीवरचा हात काढवत नव्हता. मग मंजुळाबाईनं वाळूतली करवंटी उचलली, पदरानं पुसली आणि झिऱ्यात बुडवली.

"हे मले दिवस बुडेपर्यंत पुरंल," ती म्हणाली. "जाय तू. कोकीले पाणी पाज."