मृत्युपत्राची पिन

झेरॉक्स नीट यावी म्हणून मी मूळ मृत्युपत्राची पिन उपसली आणि नंतर तिन्ही पानांना शहाण्यासारखी नवी मारली. वारसांच्या भांडणात याहून मोठा गाढवपणा नाही, हे मला विरुद्ध बाजूच्या वकिलांकडून भर कोर्टात कळलं.

"पिन एक आणि भोकं चार?" ते गरजले. "मधलं पान बदललंय!"

मधल्या पानावर वडिलांनी राहतं घर धाकट्या मुलीला, म्हणजे आमच्या अशिलाला, दिलं होतं आणि सही फक्त शेवटच्या पानावर होती. वडिलांचं दुखणं नऊ वर्षं धाकटीनेच काढलं. आता थोरला भाऊ तिला त्याच घराबाहेर काढायला निघाला होता.

न्यायाधीशांनी जेवणाच्या सुट्टीनंतर खुलासा मागितला. बाहेरच्या बाकावर, धाकटीसमोरच, मी माझ्या सीनियर मॅडमना सगळं सांगितलं.

"पिन आमच्याकडे आली तेव्हाच अशी होती, असं म्हणता येईल," मी पुटपुटलो.

"येईल की. मग ती कुणी बदलली, हे ताईंना शपथेवर विचारतील." मॅडम तिच्याकडे वळल्या. "याने खरं सांगितलं तर काय होईल, याची हमी मी देत नाही."

"सांगू दे खरं," धाकटी म्हणाली. "जायचं असेल तर जाईल घर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पिंजऱ्यात उभा राहून सगळं सांगून टाकलं. विरुद्ध वकील खुशीत हसले.

मग मॅडम उठल्या. त्यांच्या विनंतीवरून कोर्टाच्या कारकुनाने पिन काढली आणि पानं एकावर एक ठेवून खिडकीपाशी धरली. चारही भोकांतून उजेड आरपार आला.

"दोन भोकं पहिल्या पिनेची, दोन याच्या पिनेची," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मधलं पान मागाहून घातलं असतं, तर त्याला पहिली दोन कुठून आली असती?"

विरुद्ध वकील खाली बसले. मी तोंडाचा आ वासून मॅडमकडे बघत राहिलो. आठवडाभर तो कागद माझ्या हातात होता आणि मला त्यात फक्त अक्षरं दिसली होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "भोकं जुळतील हे तुम्ही आधीच पाहिलं होतं ना?"

"कधी पाहणार? कागद सकाळपासून कोर्टाकडे. पण ताईंनी पान बदललं नव्हतं आणि तू खरं बोलत होतास. मग जुळणारच."

अर्ध्या तासापूर्वी मी त्यांना खोटं सुचवलं होतं. तरी त्यांनी माझ्या शब्दावर एका बाईचं घर पणाला लावलं होतं.