जलपरी कॅप्टनला का भेटत नाही

नॉर्विनसारखा पाणबुड्या अख्ख्या किनाऱ्यावर नाही, असं नॉर्विन स्वतःच सांगायचा. बाकीचे दिवसाला हवेच्या आठ-दहा टाक्या संपवायचे, हा पठ्ठ्या चौदा. टाकीत हवा किती उरली हे दाखवणारं घड्याळ आमच्या मोस्कितियाच्या किनाऱ्यावर कोणाकडेच नव्हतं. श्वास ओढायला जड गेला की वर यायचं, एवढंच शास्त्र. हळू वर ये, वाटेत थांबत थांबत ये, असं कोणी म्हणालंच तर नॉर्विन विचारायचा, "का? मी काय वरातीत निघालोय?"

मोहिमेच्या नवव्या दिवशी, चौदाव्या टाकीला, वीस वाव खोल पाण्यात त्याला एका कपारीत चार शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, दिसल्या. श्वास जड झाला होता. पण चार शेवंडी सोडायला तो काय येडा होता? चारही काढल्या आणि सुटला तो थेट वर. होडीत चढला, वल्हं धरून बसलेल्या धाकट्या भावाला म्हणाला, "एल्सनर, सिगारेट पेटव." दोन झुरके झाले नाहीत तोच कमरेखालचा नॉर्विन कुठे गेला, ते नॉर्विनलाच कळेना.

मोठ्या बोटीवर कॅप्टन ऑस्बर्टनं त्याच्याकडे बघून जीभ चुकचुकवली. "जलपरीनं थप्पड मारली रे तुला! तिच्या शेवंडी जास्त काढल्यास ना?"

कॅप्टन आमच्यातला नव्हे, बेटावरचा, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. घरी त्यानं जलपरीचं नाव काढलं असतं तर बायकोनं झाडू घेतला असता. पण बोटीवर तिचा त्याच्याएवढा भक्त नाही.

"मला किनाऱ्याला न्या, कॅप्टन."

"नेतो की. पण बाई रागावलीय, आधी शांत तर होऊ दे."

बाई शांत व्हायला तीन दिवस लागले. योगायोग बघा, तेवढ्यात बर्फाची कोठीही शेवंडींनी काठोकाठ भरली. तीन दिवस नॉर्विन डेकवर पडून. लघवी अडली, पोट टरारून फुगलं, आणि औषध काय, तर रम. आणि गंमत म्हणजे जलपरी आपण स्वतः पाहिली, सोनेरी केसांची होती, असं नॉर्विनच शपथेवर सांगत होता.

पुएर्तो लेम्पिराच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हवेच्या दाबाच्या लोखंडी पिंपात घातलं. "सोड्याची बाटली फटकन उघडली की कसे बुडबुडे येतात? तसे तुझ्या अंगात झालेत. त्याच दिवशी आणलं असतं तर बहुतेक पायांनी घरी गेला असतास."

"पण बाई, जलपरी..."

"तिलाही आत बसवायचंय का? जागा एकाचीच आहे."

त्याची बायको मेल्व्हा बाहेर बसून कॅप्टनच्या सात पिढ्या उद्धरत होती. "कसली मेली परी ही! चार शेवंडी काढणाऱ्याला थप्पड, आणि कोठीभर नेणाऱ्याला मुका?" अकराव्या दिवशी नॉर्विनच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. तेव्हा मात्र तिचं तोंड बंद झालं आणि ती हमसून हमसून रडली.

पुढे सात महिने अंगणात दोन आडव्या बांबूंच्या मधून चालणं. पडायचं, शिव्या घालायच्या, उठायचं. डावा पाय परत आला. उजवा अजून फरपटतच येतो, सोबतीला काठी.

नवा हंगाम आला तसा कॅप्टनही आला. पण यंदा पाणबुडे अडून बसले होते. माणूस असा लुळा पडला तर त्याच दिवशी बोट वळवायची, नाहीतर आम्ही येत नाही. नॉर्विनच्या जागी उतरणार होता एल्सनर. त्यानं पिशवी बोटीवर टाकलीसुद्धा होती.

कॅप्टन नॉर्विनच्या खांद्यावर हात टाकून गोड आवाजात म्हणाला, "तू फक्त सांग त्यांना, जलपरीच होती म्हणून. धक्क्यावर राखणीचं काम तुझं. खुर्चीत बसून राहायचं."

नॉर्विनला खुर्ची हवी होती. का खोटं बोला? काठीवरच्या माणसाला दुसरं काम देतो कोण? त्यानं मेल्व्हाकडे पाहिलं. ती पिकली केळी घोटत राहिली, जरा जास्तच जोरात.

धक्क्यावर सगळे जमले. नॉर्विन काठीवर भार देऊन उभा राहिला.

"जलपरीच होती," तो म्हणाला. कॅप्टनचा चेहरा फुलला. "दवाखान्यात स्वप्नात आली. म्हणाली, मी तुला एकच थप्पड मारली. पुढचे तीन दिवस माझे नव्हेत. यापुढे माणूस पडला आणि त्याच दिवशी बोट वळली नाही, तर मी वर येईन. पाणबुड्यांकडे नाही, कॅप्टनच्या खोलीत."

सगळ्या माना कॅप्टनकडे वळल्या. एका म्हाताऱ्यानं छातीवर क्रूस काढला. मागून कोणीतरी म्हणालं, "मग वळवणार ना बोट, कॅप्टन? बाईमाणूस खोलीत येणार म्हणजे..."

लोक खदाखदा हसले आणि कॅप्टन पेटला. "अडाणी लेकाचे! कसली जलपरी नि कसलं काय! असं काही नसतंच!"

नॉर्विननं अगदी अदबीनं विचारलं, "मग कॅप्टन, माझे पाय कोणी नेले?"

एल्सनर बोटीवर चढला आणि आपली पिशवी घेऊन खाली उतरला.