पाणी, तीनदा

"पाणी," रोझिला म्हणाली. "पाण्याला काय म्हणता तुम्ही, मावशी?"

यांबुकेचा सागोची भाकरी उलटणारा हात तव्यावरच थांबला. एकशे सदतीस शब्द सुरळीत गेले होते. डोकं, नाक, डास, राख. प्रत्येक शब्द तीनदा म्हणायचा, कारण किनाऱ्याकडच्या कॉलेजातून आलेल्या या पोरीच्या आवाज टिपणाऱ्या यंत्राचा एकदा सांगून विश्वास बसत नसे.

"बेडकाचं घर," यांबुके म्हणाली.

रोझिलाने लिहून घेतलं. "आणि बेडूक म्हणजे?"

"त्या घरात राहतो तो."

रोझिला वहीकडे बघत राहिली. "मावशी, खरा शब्द हाच ना?"

खरा शब्द पलीकडच्या चटईवर पडला होता आणि पंधरा दिवस धापा टाकत होता. यांबुकेच्या सासऱ्याचं नाव तेच होतं, पाणी. सुनेने सासऱ्याचं नाव घेतलं की सासरा जातो, हे नदीच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. शेजारच्या एकीचा चिखलात पाय घसरला आणि तोंडून नाव निसटलं. तिचा सासरा संध्याकाळपर्यंत खलास. त्याला साप चावला होता हे खरं. पण साप तिथे कायमचेच होते, त्यांना नेमका तोच दिवस बरा सापडला.

म्हणून एकतीस वर्षं यांबुके बेडकाच्या घरात सागोच्या झाडाचा गर धूत आली होती. नवरा गेला, मुलं बाजारची भाषा बोलू लागली. आपली भाषा बोलणारी दोनच माणसं उरली, ती आणि म्हातारा.

"आजोबांनाच विचारू की," म्हणत रोझिलाने यंत्र म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरलं. त्याने तीनदा सांगितलं. पण सुपारी-चुन्याने त्याचा एकही दात ठेवला नव्हता. दात, दगड आणि पाणी, तिन्ही शब्द त्याच्या तोंडून चूल फुंकल्यासारखेच येत.

"मग 'बेडकाचं घर'च ठेवते. शाळेच्या पुस्तकात छापायचंय."

चटई हलली. म्हातारा फसफसत बराच वेळ बोलला.

"काय म्हणतायत?"

"झोप आलीय म्हणतायत," यांबुके म्हणाली.

म्हाताऱ्याला बाजारची भाषा चांगली समजत होती. त्याने काठी आपटली.

"म्हणतायत," यांबुके खाली मान घालून म्हणाली, "मी बेडकाचं घर होऊन पुस्तकात जाणार नाही. माझं नाव आहे ते. सुनेने नीट सांगावं."

"मग सांगा ना."

यांबुके म्हाताऱ्याकडे वळली. ती आपल्या भाषेत म्हणाली, "मी लांब नदीवर जाऊन सांगते. पोरांच्या आजोबांनी कानात बोटं घालावीत."

"इथंच सांग," म्हातारा म्हणाला. "चुकलीस तर मला कळायला नको?"

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"मला काय व्हायचं शिल्लक राहिलंय? बोल लवकर, पोरीची बॅटरी संपेल."

यांबुकेने दाराशी, छपराच्या वाशांवर, सरपणाखाली साप नाही ना, ते पाहून घेतलं. मग डासाएवढ्या आवाजात म्हणाली, "सेदित."

म्हाताऱ्याची छाती वर गेली ती वरच राहिली. बऱ्याच वेळाने खाली आली.

"अजून दोनदा," रोझिला म्हणाली.

"एवढं पुरे नाही का गं?"

"तीनदा लागतं, मावशी."

"सेदित."

म्हाताऱ्याला ढास लागली. यांबुकेने डोळे गच्च मिटले. खोकला विरत गेला, थांबला. मग काहीच ऐकू येईना. धापसुद्धा नाही. भाकरी करपल्याचा वास येत होता आणि डोळे उघडायचा तिला धीर होत नव्हता.

"सेदित," तिने मोठ्याने हाक मारली. "सेदित."

"ओ," चटईवरून आवाज आला.

ज्यांनी त्याला नावाने हाक मारावी, ती माणसं केव्हाच संपली होती. यांबुकेने डोळे उघडले. म्हातारा कोपरावर उठला होता. काय काम आहे, म्हणून तो तिच्याकडे बघत होता.